आतून आणि बाहेरून : होडीच्या अंगरख्याचा इतिहास

अकोट हे समुद्रापासून फार दूरचे गाव. उत्तरेला सातपुड्याची रांग, तिच्यावर नरनाळ्याचा किल्ला आणि दक्षिणेला नजर पोहोचेल तिथवर पसरलेली वऱ्हाडची काळी जमीन. येथल्या माणसाला पाणी ठाऊक आहे ते विहिरीचे आणि पावसाचे. भरती-ओहोटी हे शब्द त्याने शाळेच्या पुस्तकातच वाचलेले असतात. तेव्हा जुन्या होडीची डागडुजी हा विषय अकोटपासून सुरू करावा, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु अकोटची ख्याती ज्या दोन वस्तूंमुळे झाली, त्या दोन्ही वस्तूंचा ह्या विषयाशी संबंध आहे. त्यांतली पहिली कापूस आणि दुसरी सतरंजी. होडीच्या फळ्यांमधली फट शतकानुशतके कापसाने बुजवली गेली. आज त्या कापसाची जागा काचेच्या तंतूंनी घेतली आहे. आणि होडीच्या पोटात आज जो गालिचा डकवला जातो, तो कसा असावा व कसा नसावा, हे सतरंजी वापरणाऱ्या घराला सहज समजण्यासारखे आहे.

होडीच्या अंगाला काही लावण्याची गोष्ट किती जुनी आहे, हे आपणां ख्रिस्ती वाचकांना सांगायला नकोच. उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाला तारू बांधण्याची आज्ञा होते, तेव्हा त्याची लांबी-रुंदी सांगण्याआधीच ते आतून आणि बाहेरून लिंपण्यास सांगितले आहे. ‘आतून आणि बाहेरून’ हे शब्द आपण घाईने वाचून पुढे जातो. पण नावा बांधणाऱ्यांचा पुढचा सारा इतिहास पाहिला, म्हणजे त्या दोन शब्दांत केवढे व्यवहारज्ञान साठवले आहे ते ध्यानी येते. ज्यांनी केवळ बाहेरून लिंपले, त्यांच्या नावा आतून गेल्या.

शिवलेली जहाजे

१३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी श्रद्धेसाठी प्राण दिले. त्यांचे सोबती दोमिनिकन फादर जॉर्दानुस त्या वेळी दुसरीकडे गेले होते. त्यांनी परत येऊन हुतात्म्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे पोर्देनोनेचे धर्मबंधू ओदोरिक ठाण्यास आले आणि त्या अस्थी घेऊन चीनकडे गेले. ही हकीकत आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असते. मात्र ह्या दोघांनी आपल्या किनाऱ्यावरच्या जहाजांविषयी जे लिहून ठेवले आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

ओदोरिक होर्मुझहून ठाण्याला आले ते अठ्ठावीस दिवसांच्या प्रवासाने. ते ज्या जहाजात बसले, ते केवळ दोरीने शिवलेले होते, आणि शोधूनही त्यात लोखंडाचा तुकडा सापडला नाही, असे ते सांगतात. जॉर्दानुस यांनीही तसेच लिहिले आहे. फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नसून सुई-दोऱ्याने शिवल्यासारख्या बांधलेल्या असत, आणि पाणी आत इतके येई, की माणसांना सदासर्वदा त्यात उभे राहून ते उपसावे लागे. त्यांच्याही आधी मार्को पोलोने होर्मुझच्या जहाजांबद्दल हीच तक्रार केली होती. नारळाच्या काथ्याने शिवलेल्या त्या जहाजांना डांबर लावीत नसत, माशाचे तेल चोळीत असत.

ही जहाजे अडाणीपणाने बांधलेली होती, असे मात्र समजू नये. शिवण लवचीक असते. रेतीच्या किनाऱ्यावर लाटेने जहाज आपटले, तर खिळ्याने घट्ट जखडलेली फळी चिरते, पण शिवलेली फळी थोडी सरकते आणि तगते. माशाचे तेल लाकडात मुरून त्याला फार कोरडे पडू देत नसे. पाणी आत येई हे खरे, पण ते डोळ्यांना दिसे आणि उपसता येई. जे पाणी दिसते त्याच्याशी झगडता येते. न दिसणारे पाणीच होडीचा खरा वैरी, हे सूत्र ह्या लेखात पुन्हा पुन्हा येणार आहे.

खिळा, कापूस आणि चुना

सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा अंमल बसला. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे आली आणि १७३९ पर्यंत राहिली. वसई आणि आगाशी ही गावे जहाजबांधणीसाठी नावाजलेली होती, कारण मागच्या डोंगरांतले सागवान खाडीवाटे सहज खाली येई. युरोपीय पद्धतीत फळ्या लोखंडी खिळ्यांनी वाशांना जोडल्या जात. अशा बांधणीत दोन फळ्यांमध्ये फट राहतेच. ती बुजवण्यासाठी तेलात भिजवलेला कापूस किंवा तागाचे तंतू बोथट छिन्नीने ठोकून बसवावे लागत आणि वरून राळ ओतावी लागे. होडी पाण्यात उतरली की लाकूड फुगते आणि त्या दाबाने कापूस आवळला जाऊन फट बंद होते. म्हणजे येथे कापूस, लाकूड आणि पाणी ही तिघेही मिळून काम करीत. आमच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुतारांनी ह्यावर आणखी एक युक्ती योजली होती. एका फळीच्या कडेला खाच आणि दुसरीच्या कडेला जीभ कोरून त्या एकमेकींत बसवायच्या आणि मध्ये कापूस व राळ घालायची. युरोपातून आलेल्या पाहुण्यांनीही ह्या कसबाचे कौतुक केले आहे.

बाहेरच्या अंगाचा प्रश्न वेगळा होता. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारा एक प्राणी असतो. दिसायला किडा, पण जातीने शिंपल्याचा भाऊबंद. तो लहान असताना सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतल्या आत वाढत लाकूड पोकळ करून टाकतो. फळीच्या पृष्ठावर काहीच दिसत नाही, आणि एके दिवशी ती हाताने मोडते. त्याला अटकाव करण्यासाठी चुना आणि तेल कुटून केलेला लेप जहाजाच्या बुडाला देण्याची चाल हिंदी महासागरात सर्वत्र होती. कोकणात काजूच्या टरफलाचे तेलही ह्या कामी येत असे. हे लेप दर मोसमाला खरवडून पुन्हा द्यावे लागत. त्यात कष्ट होते, पण त्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी मालकाचा हात होडीच्या प्रत्येक फळीवरून फिरत असे.

अठराव्या शतकात इंग्रजांच्या आरमाराने ह्यावर कायमचा उपाय म्हणून तांब्याचा पत्रा आणला. १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या बुडाला तो प्रथम मढवला गेला. दोन वर्षांनी ती नौका वर घेऊन पाहिली, तेव्हा कीड लागलेली नव्हती, परंतु लोखंडी खिळे कित्येक ठिकाणी झिजून गेले होते. खाऱ्या पाण्यात तांबे आणि लोखंड एकमेकांना टेकले की लोखंड खाल्ले जाते, हे तोवर कोणाला नीट उमगले नव्हते. गंमत अशी, की पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद जिथे चुकून पत्र्याखाली राहून गेला होता, तिथले खिळे शाबूत होते! वरचा अंगरखा लाखमोलाचा असला, तरी त्याच्याखाली काय आहे ह्यावरच सारे अवलंबून असते, हा धडा त्या कागदाच्या तुकड्याने शिकवला.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली जहाजे ह्या साऱ्या ज्ञानाचे शिखर मानली पाहिजेत. लवजी नसरवानजी वाडिया अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात सुरतेहून मुंबईला आले, आणि त्यांच्या वंशजांनी पुढे दीडशे वर्षे जहाजे बांधली. त्यांतली ‘त्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या पाण्यात उतरली. ती आजही तरंगते आहे. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे १९९० ते २००१ अशी अकरा वर्षे तिची डागडुजी चालली. कुजलेला भाग शोधून काढायचा, तेवढाच बदलायचा, चांगले सागवान तसेच ठेवायचे आणि मगच रंग द्यायचा, हा जीर्णोद्धाराचा क्रम. दोनशे वर्षांपूर्वीचे मुंबईचे काम आज पाहता येते, ते ह्या संयमामुळे.

वऱ्हाडचा कापूस मुंबईस येतो

ह्याच काळात वऱ्हाडचे नशीब समुद्राशी बांधले जात होते. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ ह्या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि अकोट, अकोला, अमरावती, खामगाव ह्या नावांना मुंबईच्या पेढ्यांवर एकाएकी वजन आले. १८६७ पर्यंत आगगाडी नागपूरला पोहोचली होती. बैलगाडीने अकोल्याला, तिथून आगगाडीने मुंबईला आणि तिथून जहाजाने परदेशी, असा वऱ्हाडच्या बोंडांचा प्रवास सुरू झाला.

फळ्यांच्या फटीत नेमका कुठल्या शेतातला कापूस गेला, ह्याचा हिशेब कोणी ठेवत नसते. पण फटीत ठोकलेल्या मूठभर कापसाची किंमत काय असते, ते एका मुंबईकर होडीने साऱ्या जगाला दाखवून दिले. तिचे नाव ‘सुहैली’. १९६० नंतरच्या दशकात मुंबईत सागवानाची बांधलेली ही बत्तीस फुटी शिडाची होडी. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजावरचा तरुण अधिकारी होता. १४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडमधील फालमथहून एकटाच निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी परतला. असा पराक्रम करणारा तो पहिला मनुष्य. शर्यतीत नऊजण उतरले होते, पण शेवटाला पोहोचला तो हा एकटा.

प्रवासाच्या आरंभीच अटलांटिकमध्ये ‘सुहैली’च्या सांध्यांतून पाणी येऊ लागले. पाण्याच्या पातळीखाली पाच फुटांवर कण्याजवळची फट उघडली होती. नॉक्स-जॉन्स्टनने समुद्रात बुडी मारून तिच्यात कापूस ठोकून पाहिला, पण तो टिकेना. मग त्याने कॅनव्हासच्या लांब पट्टीवर कापूस शिवला, तिला डांबर फासले, श्वास रोखून पुन्हा पुन्हा पाण्याखाली जात ती पट्टी फटीवर खिळ्यांनी बसवली आणि वरून तांब्याची पट्टी मारली. मध्येच एक शार्क घिरट्या घालू लागला, त्याला गोळी घालावी लागली. कापूस, डांबर, तांबे असा होडीच्या अंगरख्याचा सारा इतिहास त्या माणसाने काही तासांत, एकट्याने, पाण्याखाली पुन्हा अनुभवला.

काचेचे कापड

‘सुहैली’ जेव्हा जगाला वळसा घालीत होती, तेव्हा लाकडी होडीचा काळ सरत आला होता. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत वितळलेल्या काचेपासून केसाहूनही बारीक तंतू मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत साधली. त्या तंतूंचे कापड विणून किंवा चटई करून त्यावर रेझिन ओतले आणि त्यात घट्ट करणारे रसायन मिसळले, की काही तासांत त्याचे कठीण कवच तयार होते. १९४२ साली अमेरिकेत रे ग्रीन ह्याने अशी पहिली होडी केली, असे मानले जाते. आपण ज्याला ‘फायबर’ म्हणतो ते हेच.

अकोटच्या विणकराला हे लगेच समजावे. नुसता धागा ताणाला बळकट असतो, पण दाबाला उभा राहत नाही. नुसते रेझिन कठीण असते, पण ठिसूळ. दोघांची गाठ पडली, म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. उभा आणि आडवा धागा दोन्ही दिशांचा ताण वाटून घेतात, हे तत्त्व सतरंजीचे आणि तेच काचेच्या कापडाचे.

भारतात १९५७ साली कोचीला मत्स्य-तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था स्थापन झाली. मासेमारीच्या नव्या नावा आणि त्यांचे रक्षण ह्यांवर तिने पुष्कळ संशोधन केले. सागवान महागत गेले, जंगलतोडीवर बंधने आली, आणि वसई-उत्तनपासून खाली रत्नागिरीपर्यंतच्या कोळीवाड्यांत फायबर शिरले. २००४ च्या त्सुनामीनंतर पूर्व किनाऱ्यावर ज्या हजारो होड्या मदत म्हणून वाटल्या गेल्या, त्यांतही फायबरच्या होड्यांचाच भरणा होता.

येथेच एक मोह उत्पन्न झाला. जुनी लाकडी होडी झिरपू लागली, तर तिच्या फळ्या काढून बदलण्यापेक्षा तिला बाहेरून फायबरचा अंगरखा चढवला तर? खर्च कमी, काम लवकर आणि होडी नव्यासारखी गुळगुळीत. पहिल्या मोसमात मालक खूश असतो. पण लाकूड ओले झाले की फुगते आणि वाळले की आकसते, काच मात्र तसे करीत नाही. फळ्या हलू लागल्या की कवच सांध्यांवर सुटते. शिवाय होडीच्या पोटात पाणी पडत राहतेच. ते पावसाचे असते, बर्फाचे असते आणि मासळी धुतल्याचेही असते. पूर्वी ते लाकडातून बाहेर वाळे. आता बाहेरची वाट बंद झालेली असते, म्हणून लाकूड आतल्या आत कुजते. वरून होडी चकाकते आणि आतल्या वाशात बोट रुतते. मोसमाच्या ऐन भरात असा वासा खचला, तर जाते ती केवळ होडी नव्हे. सोसायटीचे कर्ज आणि चार खलाशांच्या घरची चूल तिच्याबरोबर जाते.

लाकूड आणि काच ह्यांची सोयरीक मुळीच जमत नाही, असे मात्र नव्हे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर ह्यांच्या कारखान्यात बांधलेली ‘म्हादेई’ ही छप्पन फुटी शिडाची नौका २००९ साली नौदलात आली. तिचे अंग हलक्या लाकडाच्या पट्ट्यांचे आहे, आणि त्यावर आतून व बाहेरून काचेचे कापड आणि इपॉक्सी रेझिन आहे. लाकूड कोरडे असतानाच दोन्ही बाजूंनी बंद केले, म्हणून ते फुगत नाही आणि कुजतही नाही. ह्याच नौकेतून दिलीप दोंदे ह्यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी ह्यांनी तीच प्रदक्षिणा कुठेही न थांबता पूर्ण केली. नोहाला दिलेली आज्ञा मांडवीच्या काठी अशी तंतोतंत पाळली गेली.

रंगापूर्वीचा रंग

आता जुन्या फायबरच्या होडीकडे वळू. फायबर कुजत नाही, म्हणून त्याला काही होत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. कवचाच्या बाहेरच्या चकचकीत थरातूनही पाण्याचे सूक्ष्म कण वर्षानुवर्षे आत झिरपतात, आत राहिलेली रसायने त्यांत विरघळतात आणि दाब वाढून पृष्ठावर फोड येतात. असा फोड टोचला, तर शिरक्यासारख्या आंबूस वासाचे पाणी निघते. त्यावर नुसता रंग फासणे म्हणजे गळवावर पावडर लावण्यासारखे आहे. फोड उघडावा, गोड्या पाण्याने धुवावा, कित्येक आठवडे वाळू द्यावा आणि मगच इपॉक्सीची लांबी भरावी. वाळले की नाही हे पाहण्याची एक साधी रीत आहे. प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने पृष्ठावर बसवून ठेवावा. दुसऱ्या दिवशी त्याच्या आतल्या बाजूला दव जमले, तर होडी अजून ओली आहे.

रंगकामात कारागिराची परीक्षा होते ती रंगाचा डबा उघडण्यापूर्वी. आधी मेण आणि तेलाचा अंश द्रावणाने पुसून काढायचा आणि मग पॉलिश पेपर मारायचा. हा क्रम उलटला, तर पेपर ते मेण ओरखड्यांत खोल घासून बसवतो आणि रंग पुढे पापुद्र्यांनी सुटतो. पृष्ठावर पाणी ओतून पाहावे. ते एकसंध पसरले तर पृष्ठ स्वच्छ आहे, थेंबाथेंबाने गोळा झाले तर मेण अजून शिल्लक आहे. त्यानंतर अस्तर आणि शेवटी दोन भागांचा पक्का रंग. तो रोलरने पातळ लावायचा आणि लगेच मऊ ब्रशच्या टोकाने हलकेच सारखा करायचा. एका जाड हातापेक्षा दोन-तीन पातळ हात चांगले. काचेची धूळ फुप्फुसाला घातक आहे आणि रेझिन घट्ट करणारे रसायन डोळ्यांत गेले तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून मुखपट्टी आणि चष्मा ही चैन नव्हे. जो मालक आपल्या कामगाराला ती देत नाही, तो होडी दुरुस्त करताना एक माणूस बिघडवीत असतो.

आपल्याकडे अडचण आहे ती ऋतूची. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि हात रिकामे असतात. पण नेमक्या त्याच दिवसांत हवा ओलीचिंब असते. ओल्या हवेत दिलेला रंग धुरकट होतो आणि धरत नाही. जाणते कोळी म्हणून खरवडणे आणि सुकवणे मे महिन्यातच आटोपतात आणि रंगासाठी आडोसा उभारतात. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी तयार हवी आणि कित्येक धर्मग्रामांत तिला आशीर्वादाचे पाणीही लागायचे असते. त्या घाईत आतला ओलावा रंगाखाली कोंडला जातो, आणि पुढच्या वर्षाचे काम तिथेच जन्माला येते.

बुडाच्या रंगाचा आणखी एक इतिहास आहे. होडीवर शेवाळ आणि शिंपल्यांची पुटे चढू नयेत, म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कथिलाचे एक जालीम रसायन रंगात घालीत. पुटे थांबली, पण फ्रान्सच्या किनाऱ्यावर कालवांची पैदास खालावली आणि शंखांच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटू लागली. फ्रान्सने १९८२ साली लहान नौकांवर त्या रंगाला मनाई केली. पुढे २००१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ पासून तो अंमलात आला. ज्या समुद्रावर आपले पोट आहे, त्यालाच आपला रंग विष पाजत होता, हे कळायला जगाला काही दशके लागली. अंगरख्याची बाहेरची बाजू समुद्राला लागते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

सतरंजी आणि गालिचा

शेवटी गालिच्याची गोष्ट. प्रवासी लाँच, सहलीच्या वेगवान होड्या आणि शिडाच्या नौका ह्यांच्या पोटात फायबरच्या खडबडीत भिंतींवर आणि तळावर गालिचा डकवण्याची रीत आहे. त्याने पाय घसरत नाही, आवाज दबतो, उन्हात तापलेले कवच अंगाला लागत नाही आणि ओबडधोबड काम झाकलेही जाते. ही शेवटची सोयच घातक ठरते.

अकोटला सतरंज्या विणण्याचा उद्योग जुना आहे. वऱ्हाडातल्या घरी सतरंजी कशी वापरतात, ते आठवावे. पाहुणे आले की अंथरायची, गेले की झटकायची, उन्हात टाकायची आणि घडी करून ठेवायची. तिच्याखालची जमीन रोज सारवली किंवा पुसली जाते. सतरंजी जमीन झाकते, पण लपवीत नाही. डकवलेला गालिचा मात्र एकदा बसला, की त्याच्याखाली काय चालले आहे ते कोणी पाहत नाही. बुडातले पाणी त्यात चढते, खालच्या प्लायवूडला ओल लागते, बुरशी धरते, आणि इंजिन ज्या लाकडी गाभ्यावर टांगलेले असते तोही भुसभुशीत होतो.

म्हणून जाणते कारागीर काही नियम पाळतात. जुना गालिचा आणि त्याचा गोंद पुरा खरवडून काढायचा, जुन्यावर नवा चढवायचा नाही. गाभा ठोकून पाहायचा. खणखणीत आवाज आला तर बरे, बद्द आला तर तो भाग उघडायचा. समुद्रासाठी गालिचा घ्यायचा तो पाणी न शोषणाऱ्या कृत्रिम धाग्याचा. फटीत ठोकल्यावर होडी तारणारा आपला कापूस येथे मात्र चालत नाही, कारण तो पाणी धरून ठेवतो. गोंद दोन्ही पृष्ठांना लावून बोटाला जेमतेम चिकटेल इतका सुकू द्यायचा आणि मग मध्यापासून कडेकडे दाबत न्यायचा, म्हणजे हवेचा फुगा राहत नाही. पाणी वाहून जाण्याची भोके कधी झाकायची नाहीत. आणि तळावरचा गालिचा शक्य तर डकवायचाच नाही. सुट्या फळ्यांवर बसवावा, म्हणजे त्या उचलून उन्हात ठेवता येतात. हा शेवटचा नियम म्हणजे सतरंजीचाच नियम.

उरलेला प्रश्न

फायबरची होडी लाकडासारखी सरणात जात नाही, मातीलाही मिळत नाही. निकामी झालेल्या होड्या आज कित्येक खाडीकिनाऱ्यांवर पडून आहेत. त्या जाळल्या तर विषारी धूर होतो, फोडल्या तर काचेची धूळ उडते. ह्या कवचाचा पुन्हा उपयोग करण्याची सोपी व स्वस्त रीत अजून रूढ झालेली नाही. तेव्हा हाताशी असलेली होडी नीट दुरुस्त करून आणखी वीस वर्षे चालवणे, हे केवळ काटकसरीचे काम राहिलेले नाही. समुद्राचे देणे फेडण्याचा आज आपल्या हाती असलेला तो सर्वांत साधा मार्ग आहे.

सातशे वर्षांपूर्वी ओदोरिक ज्या जहाजातून ठाण्याला उतरले, त्यात लोखंड नव्हते. आजच्या होडीत कापूस नाही. मधल्या काळात काथ्या गेला, चुना गेला, तांब्याचा पत्रा गेला. उद्या कदाचित काचेचे कापडही जाईल आणि दुसरे काही येईल. पण होडी वर ओढल्यावर पहिल्या दिवशी करायचे काम मात्र तेच राहील. जुने थर काढायचे, लाकूड असो की काच, त्यावरून उघडा हात फिरवायचा, कान लावून ठोकून पाहायचे आणि वाळेपर्यंत थांबायचे. रंगाचा डबा त्यानंतर उघडायचा.